मुलांच्या फोनमधला ‘इनकॉग्निटो’ बंद करता येतो, पण त्याने नेमकं काय साधतं?

जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात एका १७ वर्षांच्या विद्यार्थिनीने आयुष्य संपवलं. पोलिसांनी तिचा फोन तपासला, तेव्हा मृत्यूनंतर काय होतं याची माहिती ती इंटरनेटवर शोधत होती, असं समोर आलं. देशभरातल्या बातम्यांचे मथळे याच एका गोष्टीभोवती फिरले. अशा घटनेमागे कधीच एकच कारण नसतं आणि फोनमधल्या चार शोधांवरून एखाद्या मुलीचं मन वाचता येत नाही. तरीही ती बातमी वाचल्यावर अनेक आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न आला: आपलं मूल फोनवर काय शोधतंय, हे आपल्याला वेळेत कळलं असतं का?

त्याआधी जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये एका १५ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. तो ऑनलाइन गेममध्ये गुरफटला होता, असा पोलिसांचा संशय होता. लॅपटॉपवर लावलेली पालकांची नियंत्रणं तो बदलून टाकायचा, त्यामुळे तो काय बघतो हे आम्हाला कळतच नव्हतं, असं त्याच्या पालकांनी माध्यमांना सांगितलं होतं.

दोन्ही घटना वेगळ्या आहेत, पण त्यानंतर घराघरांत झालेली झडती सारखीच होती. मुलाचा फोन हातात घ्यायचा, ब्राउझर उघडायचा, हिस्टरी बघायची. बऱ्याच वेळा ती कोरी निघते. मग कोणीतरी सांगतं की मुलं ‘इनकॉग्निटो’मध्ये बघतात, ते आधी बंद करा.

ते बंद करता येतं का? हो, येतं. पण त्याने नेमकं काय बंद होतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

इनकॉग्निटो म्हणजे नेमकं काय?

ब्राउझरमध्ये नेहमीच्या पद्धतीने एखादी साइट उघडली की तिची नोंद हिस्टरीत राहते. साइट फोनमध्ये ‘कुकी’ नावाची छोटी खूण ठेवते, फॉर्ममध्ये भरलेली माहितीही लक्षात ठेवली जाते. खासगी खिडकीत यातलं काही साठवलं जात नाही. सगळ्या खासगी खिडक्या बंद केल्या की त्या बैठकीतल्या हिस्टरी आणि कुकी पुसल्या जातात.

ही सोय नवी नाही. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये ती २००५ मध्ये आली. गूगलने २००८ मध्ये क्रोम आणलं तेव्हा तिला ‘इनकॉग्निटो’ हे नाव दिलं. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘इनप्रायव्हेट’ आणि फायरफॉक्सने ‘प्रायव्हेट ब्राउझिंग’ या नावाने तीच सोय दिली. घरच्यांच्या नकळत भेटवस्तू शोधणं, सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर आपलं मेल उघडणं, अशा साध्या कामांसाठी ती उपयोगी पडते.

थोडक्यात, ही सोय तोच फोन नंतर हातात घेणाऱ्या माणसापासून लपण्यासाठी आहे. घरात तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा आई किंवा बाबा.

मग बाकीच्यांपासून लपता येतं का?

नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी कोणत्या साइटशी जोडणी झाली हे पाहू शकते. शाळेचं किंवा ऑफिसचं वायफाय असेल, तर तिथलं नेटवर्क सांभाळणाऱ्यालाही ते दिसू शकतं. ज्या साइटवर गेलो तिला आपला आयपी पत्ता कळतो. खासगी खिडकीत गूगल किंवा इन्स्टाग्रामच्या खात्यात लॉगइन केलं, तर ती कंपनी आपल्याला नावानिशी ओळखते. डाउनलोड केलेली फाइलही फोनमध्ये तशीच राहते.

हे अनेक मोठ्यांनाही माहीत नसतं. शिकागो विद्यापीठ आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ४६० जणांचा अभ्यास केला. खासगी खिडकीत गूगल खात्यात लॉगइन केलं तरी आपले शोध साठवले जाणार नाहीत, असं त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होतं.

हाच गैरसमज अमेरिकेतल्या न्यायालयापर्यंत गेला. इनकॉग्निटोमध्ये असतानाही गूगल माहिती गोळा करतं, असा दावा २०२० मध्ये दाखल झाला. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड ठरली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिचा तपशील समोर आला. कोट्यवधी नोंदी पुसण्याचं गूगलने मान्य केलं. इनकॉग्निटोच्या पहिल्या पानावरचा मजकूरही अधिक स्पष्ट करण्यात आला.

मुलांच्या बाबतीत खरी जोखीम या गैरसमजात आहे. ‘इथे मला कोणी बघत नाही’ असं वाटलं की चौदा-पंधरा वर्षांचं मूल अनोळखी माणसाशी बोलतं, फोटो पाठवतं, नको त्या साइटवर नाव-पत्ता देतं. आईला दिसत नाही, एवढंच खरं असतं. समोरच्या माणसाला सगळं दिसत असतं.

हा पर्याय बंद कसा होतो?

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘इनकॉग्निटो बंद करा’ असं साधं बटण बहुतेक ठिकाणी नसतं. ते वेगवेगळ्या दारांनी बंद करावं लागतं.

अँड्रॉइड फोनवर गूगलचं ‘फॅमिली लिंक’ हे मोफत अ‍ॅप आहे. मुलाचं स्वतंत्र गूगल खातं उघडून ते पालकांच्या खात्याला जोडलं, की त्या खात्यावर क्रोममध्ये इनकॉग्निटो उघडतच नाही. सगळ्या साइट खुल्या ठेवायच्या, अश्लील साइट अडवायच्या, की फक्त पालकांनी मंजूर केलेल्या साइट चालू द्यायच्या, हे तीन पर्यायही तिथे मिळतात. नवं अ‍ॅप घ्यायला पालकांची परवानगी लागेल, अशी व्यवस्थाही करता येते. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. क्रोममध्ये इनकॉग्निटो बंद केलं आणि मुलाने दुसराच ब्राउझर उतरवून घेतला, तर सगळा खटाटोप वाया जातो.

आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये जाऊन वेब कन्टेंटसाठी ‘लिमिट अ‍ॅडल्ट वेबसाइट्स’ हा पर्याय निवडला की सफारीतली खासगी टॅब गायब होते आणि हिस्टरी पुसण्याची सोयही बंद होते. मात्र स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड हवा आणि तो मुलाला माहीत नसावा. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली जन्मतारीख पासकोड म्हणून ठेवली, तर ते कुलूप नावालाच उरतं.

विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं ‘फॅमिली सेफ्टी’ आहे. मुलाचं वेगळं खातं करून वेब फिल्टर चालू केला, की एज ब्राउझरमधली इनप्रायव्हेट खिडकी बंद होते आणि नेहमीचे इतर ब्राउझरही अडवले जातात. शाळा आणि कार्यालयं याहून पुढे जातात. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींमध्ये व्यवस्थापकाला खासगी खिडकीच काढून टाकण्याची धोरणात्मक सोय असते.

आणखी एक मार्ग नेटवर्कचा. क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० पासून कुटुंबांसाठी मोफत डीएनएस सेवा दिली आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी इंटरनेटची डिरेक्टरी. घरातल्या राउटरमध्ये १.१.१.३ हा पत्ता भरला की ही डिरेक्टरी अश्लील आणि घातक साइटचे पत्ते देतच नाही. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ या सेटिंगमधूनही ही सेवा लावता येते. मग ती मोबाइल डेटावरही चालते.

बऱ्याच पालकांच्या लक्षात न येणारी गोष्ट इथे आहे. इनकॉग्निटो फक्त फोनमधल्या नोंदी लपवतं, नेटवर्कवरची चाळणी चुकवत नाही. म्हणजे अश्लील साइट अडवणं एवढाच हेतू असेल, तर इनकॉग्निटोच्या मागे धावायची गरजच नाही. मुलाने काय पाहिलं हे नंतर कळावं असा हेतू असेल, तरच ते बंद करण्याला अर्थ आहे. अडवणं आणि नजर ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याला त्यातलं कोणतं हवंय हे आधी ठरवावं लागतं.

पण हे सगळं चालतं का?

काही प्रमाणात. व्हीपीएन लावलं की नेटवर्कवरची बहुतेक चाळणी निष्प्रभ होते. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील साइटवर वयाची खातरजमा सक्तीची झाली, आणि त्यानंतर लगेच व्हीपीएन अ‍ॅप तिथल्या डाउनलोडच्या यादीत वर चढली. संपूर्ण देशाचा कायदा जिथे चुकवला जातो, तिथे घरातला राउटर किती पुरणार?

भारतातली मोठी अडचण मात्र वेगळी आहे. फॅमिली लिंक असो की स्क्रीन टाइम, या सगळ्या सोयी एक गोष्ट गृहीत धरतात: प्रत्येक मुलाचा स्वतःचा फोन आहे आणि त्यात त्याचं स्वतःचं खातं आहे. आपल्याकडे अनेक घरांत चित्र उलटं असतं. फोन बाबांचा, खातं बाबांचं, त्यावर दादाचा अभ्यास, ताईचं इन्स्टाग्राम आणि धाकट्याचं कार्टून. बाबांच्या खात्यावर मुलांची बंधनं लावायची कशी?

‘असर २०२४’ या ग्रामीण भारतातल्या पाहणीत १४ ते १६ वयोगटाला पहिल्यांदाच डिजिटल वापराबद्दल विचारण्यात आलं. ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी मुलं ७६ टक्के होती. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांना एखादं प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे माहीत होतं. म्हणजे तीनपैकी एकाहून अधिक मुलांना त्रास देणाऱ्याला रोखायचं कसं, हेही ठाऊक नव्हतं. या मुलांच्या फोनमधलं इनकॉग्निटो बंद करून हा प्रश्न सुटत नाही.

शिवाय मुलांचा बराचसा वेळ ब्राउझरमध्ये जातच नाही. तो इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये, यूट्यूबवर, गेमच्या चॅटमध्ये आणि आता एआय चॅटबॉटशी गप्पा मारण्यात जातो. तिथे ब्राउझरची हिस्टरी तयारच होत नाही. कंपन्यांनी या जागांसाठी स्वतंत्र सोयी आणल्या आहेत. इन्स्टाग्रामची ‘टीन अकाउंट्स’ फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतासाठी जाहीर झाली. चॅटजीपीटीमध्ये पालकांची नियंत्रणं सप्टेंबर २०२५ मध्ये आली. पण मुलाने खातं उघडताना वय खोटं सांगितलं असेल, तर ही दारं उघडीच राहतात.

पोलिसांच्या यंत्रणांनाही हीच मर्यादा आहे. नागपूर पोलिसांनी २०२५ मध्ये ‘गरुड दृष्टी’ ही समाजमाध्यमांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा सुरू केली. चिथावणीखोर किंवा बेकायदा पोस्ट हुडकण्यासाठी अशा यंत्रणा असतात. एखाद्या मुलीने रात्री दोन वाजता आपल्या खोलीत काय शोधलं, हे पाहणं त्यांचं काम नाही आणि असूही नये.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ही बंधनं कंपन्यांवर आहेत. पालकाने घरगुती कारणासाठी मुलाचा फोन पाहिला, तर त्याला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे पालकांनी किती नजर ठेवावी, हा प्रश्न कायद्याने घरावरच सोडला आहे.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवण्यास बंदी केली. मात्र समाजमाध्यमावरच्या खात्याची बंदी ब्राउझरमधल्या शोधापर्यंत पोहोचत नाही. खासगी खिडकी तिथेही उघडी आहे.

नजर ठेवली की मुलं सुरक्षित होतात का?

इथे उत्तर गुंतागुंतीचं होतं. मुलं इनकॉग्निटो उघडतात ती काही फक्त अश्लील पाहण्यासाठी नव्हे. मासिक पाळीबद्दल विचारायचं असतं, शरीरातल्या बदलांची भीती वाटत असते, एखाद्या नातेवाइकाचं वागणं खटकत असतं आणि ते सांगायचं कोणाला हे कळत नसतं. फोन घरात सगळ्यांच्या हाती फिरत असेल, तर त्या मुलीला हे शोधायला खासगी खिडकी हीच एक जागा उरते. ती बंद केली की प्रश्न संपत नाही. तो मैत्रिणीच्या फोनवर जातो, किंवा मनातच राहतो.

मुलांना या नियंत्रणांबद्दल काय वाटतं, हेही अभ्यासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पालक-नियंत्रणाच्या ३७ अ‍ॅपवर मुलांनीच लिहिलेले ७३६ अभिप्राय तपासले. ७९ टक्के मुलांनी त्यांना दोन किंवा त्याहून कमी तारे दिले होते. नियंत्रण जाचक आहे, खासगीपणावर घाला घालणारं आहे आणि त्यामुळे आईवडिलांशी नातं बिघडतं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

मुलांना नियम आवडत नाहीत यात नवल नाही. पण या तक्रारींतला एक धागा दुर्लक्षित करण्यासारखा नाही. चोरून ठेवलेली नजर उघडी पडली की मूल लपवायला शिकतं, आणि पुढे खरंच संकट आलं तरी बोलायला येत नाही. ऑनलाइन ब्लॅकमेल करणाऱ्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. ‘घरी कळलं तर काय होईल’ ही भीतीच त्याचं हत्यार असते.

म्हणून वयाप्रमाणे वेगळा विचार करावा लागतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला खासगी खिडकीची काहीच गरज नाही. तिथे इनकॉग्निटो बंद, ठरावीक साइट चालू आणि डीएनएसची चाळणी हे सगळं बिनधास्त लावावं. अकरा ते तेराच्या मुलाला बंधनं लावताना ती का लावली हे सांगावं लागतं. पंधरा-सोळाच्या मुलासमोर मात्र नुसतं कुलूप फार काळ टिकत नाही. त्या वयात काय अडवलं आहे, फोन कधी पाहिला जाईल आणि कोणत्या वयात हे सगळं सैल होईल, हे दोघांनी बसून ठरवलेलं बरं.

नियम मोठ्यांनाही लागू असले की मुलं ते मानतात, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी मोबाइल, टीव्ही बंद ठेवला जातो. हा वेळ मुलांनी अभ्यासाला आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलायला द्यावा, अशी त्यामागची कल्पना. तिथे फोन एकट्या मुलाच्या हातून काढून घेतला जात नाही, बाबाही आपला फोन खाली ठेवतात.

पालकांनी काय पाहावं?

हिस्टरीत काय आहे यापेक्षा मुलाच्या वागण्यात काय बदललं, हे अधिक सांगून जातं. झोप उडणं, जेवण तुटणं, मित्रांना टाळणं, खोलीत कोंडून घेणं, कोणी जवळ आलं की फोन घाईने उलटा ठेवणं, आवडीच्या गोष्टीतून मन उठणं. यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं, तर फोन हिसकावण्याआधी मुलाशेजारी बसून विचारलेलं चांगलं. मरणाबद्दल बोलणं किंवा शोधणं दिसलं, तर ते ‘नाटक’ समजून झटकू नये. त्याबद्दल थेट, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते.

मदत जवळच आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली तर १९३० वर लगेच कळवावं. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, मानसोपचार विभाग आहे, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. फोनच्या अतिवापरासाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून ‘शट क्लिनिक’ चालतं.

इनकॉग्निटो बंद करायला पाच मिनिटं लागतात. लहान मुलाच्या फोनवर ती पाच मिनिटं जरूर द्यावीत. पण नागपूरच्या त्या घटनेत फोन उघडला गेला तो सगळं संपल्यावर. हिस्टरी नेहमी घडून गेलेलं सांगते. आज काय चाललंय, हे मुलाकडूनच कळू शकतं, आणि ते आपण होऊन सांगण्याइतका त्याचा घरावर भरवसा असावा लागतो.